पुढे कोण चालत होते? : पोलीस तपासाच्या मालिका करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मराठी व हिंदी दूरचित्रवाहिन्यांवरील पोलीस तपासाच्या मालिकांचे निर्माते, पटकथालेखक आणि या मालिकांना मंजुरी देणारे वाहिन्यांचे अधिकारी यांना,

विषय : मालिकांमधून गायब असलेल्या पंचनाम्याबाबत एका जुन्या प्रेक्षकाचे म्हणणे.

सप्रेम नमस्कार.

मी एका जिल्हा व सत्र न्यायालयात एकतीस वर्षे लघुलेखक म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. पिंजऱ्यात उभा असलेला साक्षीदार जे सांगेल ते न्यायाधीश महाराजांच्या सांगण्याबरहुकूम टंकलिखित करायचे, एवढेच माझे काम होते. त्या काळात दिवसा खुनाचे, दरोड्याचे, हुंडाबळीचे खटले माझ्या कानावरून गेले आणि रात्री जेवणे आटोपल्यावर, आईच्या आग्रहामुळे, तुमच्या मालिका डोळ्यांखालून गेल्या. सकाळी अकरा वाजता जो खटला पुराव्याअभावी ढासळताना मी कागदावर उतरवत असे, त्याच धाटणीचा खून रात्री तासाभराच्या आत, जाहिराती धरून, उलगडलेला पाहून मी झोपी जात असे. हे दोन अनुभव इतकी वर्षे एकाच डोक्यात नांदल्यामुळे एक गोष्ट तुमच्या कानावर घालावीशी वाटते. पत्र उघड लिहितो आहे, कारण तक्रार तुमच्यापैकी कोणा एकाबद्दल नाही आणि ज्या प्रेक्षकांची मते पुढे येतील तेही एकाच विचाराचे नाहीत.

आधी हे स्पष्ट करतो की मी तुमच्या वाईटावर नाही. दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावर ‘एक शून्य शून्य’ लागत असे तेव्हापासूनचा मी प्रेक्षक आहे. पोलिसांचा दूरध्वनी क्रमांक आता ११२ झाला, तरी आमच्या पिढीच्या जिभेवर अजून शंभरच येतो, त्याला ती मालिकाही थोडी कारण असावी. बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम ही जोडी तिथे जमली आणि पुढे जानेवारी १९९८ मध्ये तिनेच ‘सीआयडी’ सुरू केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये थांबेपर्यंत तिचे दीड हजारांहून अधिक भाग झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरूही झाली. बँकेत रोखपालाची नोकरी केलेला एक मराठी नट हाताची बोटे फिरवत ‘कुछ तो गडबड है’ म्हणतो आणि ते वाक्य देशभरातल्या शाळकरी मुलांच्या तोंडी बसते, याचा मला आनंदच आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये त्या मंडळींनी १११ मिनिटांचा एक भाग मध्ये कुठेही न तोडता सलग चित्रित केला, तो पाहताना आम्ही घरातली सगळी माणसे कथा सोडून कोणी वाक्य विसरतो का हेच पाहत होतो. याच मालिकेतले दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले तेव्हा आईने नात्यातले कोणी गेल्यासारखी हळहळ व्यक्त केली आणि दोन दिवस त्यांचे खरे नाव न घेता ‘आपला फ्रेडी’ असाच त्यांचा उल्लेख केला. एप्रिल २०२५ मध्ये साटम साकारत असलेल्या एसीपी प्रद्युम्न या पात्राचा मृत्यू दाखवला गेला, तेव्हा प्रेक्षकांनी केवढी ओरड केली आणि पुढे ते पात्र कसे परत आले, हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्या जगात मेलेला एसीपी परत येऊ शकतो, तिथे दोन जिवंत पंच यायला हरकत नसावी, असे माझे साधे म्हणणे आहे.

पंच म्हणजे झडती, जप्तीसारखी पोलिसांची कारवाई स्वतः पाहून तिच्या लेखी नोंदीवर, म्हणजे पंचनाम्यावर, सही करणारा त्रयस्थ साक्षीदार, हे मी तुम्हाला समजावून सांगावे असे नाही. तरीही गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तुमच्या मालिकांमध्ये मी पंच किती वेळा पाहिले हे आठवायला बसलो, तर एका हाताची बोटेही पुरी होत नाहीत. खून होतो, पथक येते, हातमोजे घातले जातात, कोणीतरी चिमट्याने केस उचलून प्लास्टिकच्या पिशवीत टाकतो आणि ती पिशवी थेट प्रयोगशाळेतल्या टेबलावर दिसते. ती पिशवी कोणी बंद केली, कोणासमक्ष बंद केली, तिच्यावर कोणाची सही आहे, ठाण्यात ती कोणाच्या ताब्यात होती आणि प्रयोगशाळेत कोण घेऊन गेले, या प्रश्नांवरच खरा खटला उभा राहतो किंवा पडतो. तुमच्या कथेत मात्र ते प्रश्नच पडत नाहीत.

आमच्या घरात या मालिकांविषयी तीन मते आहेत. आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि तिच्या मते गुन्हेगार सापडला की काम संपले. तिला तपासापेक्षा न्याय महत्त्वाचा वाटतो आणि तो जेवणानंतर, झोपायच्या आधी व्हावा असे वाटते. माझी भाची फौजदारी वकिली करते. ती मालिका पाहताना हसत असते, पण एखाद्या दिवशी अशिलाच्या घरच्यांनी ‘टीव्हीवर तर डीएनए लगेच येतो, मग आमच्याच वेळी का नाही?’ असे विचारले की तिचे हसू मावळलेले असते. तिसरे मत शेजारच्या निवृत्त हवालदारांचे आहे आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. ते ना दार तोडण्यावर बोलतात, ना गोळीबारावर. पहिल्या पाच मिनिटांतच ते दरवेळी एकच प्रश्न विचारतात : ‘यांचा रायटर कुठे आहे?’

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो की तपासी अधिकाऱ्याच्या मागे कागदांची पिशवी घेऊन फिरणारा, पंचनामा लिहिणारा, जबाब उतरवून घेणारा, स्टेशन डायरीतल्या नोंदीची वेळ आणि पंचनाम्यातली वेळ जुळते की नाही हे पाहणारा जो अंमलदार असतो, त्याला ठाण्यात सगळे ‘रायटर’ म्हणतात. अनेक खटल्यांत शिक्षा लागते ती त्याच्या अक्षरामुळे आणि सुटका होते तीही त्याच्या एखाद्या खाडाखोडीमुळे. तुमच्या पथकात संगणकतज्ज्ञ असतो, न्यायवैद्यकतज्ज्ञ असतो, विनोदासाठी एक भित्रा अधिकारी असतो, पण लिहिणारा माणूस नसतो. ज्या धंद्यात तुम्ही स्वतः लेखक आहात, त्या धंद्याने पोलिसांमधला लेखक नेमका वगळावा, याची मला गंमत वाटते.

हे सगळे शास्त्राचे आणि बारकाव्याचे नखरे आहेत, प्रेक्षकाला करमणूक हवी असते, असे उत्तर तुमच्याकडे तयार असणार, हे मी जाणतो आणि ते अर्धे मान्यही करतो. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रात निळे, हिरवे पाणी उकळत असते, मृत्यूची वेळ मिनिटासकट सांगितली जाते, सहायक पोलीस आयुक्त दर्जाचा अधिकारी दर खुनाला स्वतः हजर असतो, याला आम्ही प्रेक्षक केव्हाच सरावलो आहोत. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचे, म्हणजे खऱ्या सीआयडीचे, मुख्यालय पुण्यात आहे आणि तुमचे सीआयडी मुंबईत बसते, हेही कोणाच्या जिवावर उठणारे नाही. मुंबईच्या गुन्हे शाखेच्या कागदांवर ‘डीसीबी, सीआयडी’ असे लिहिलेले असतेच. दार तोडण्याबद्दल तर मी तुमच्या बाजूने बोलायला तयार आहे. ज्याला अटक करायची तो घरात लपला आहे असे मानायला कारण असेल, पोलिसाने आपण कोण आणि कशासाठी आलो हे सांगून आत घेण्याची मागणी केली असेल आणि तरीही दार उघडले जात नसेल, तर ते तोडून आत जाण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४७ मध्ये होता, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४४ मध्ये आहे. तेव्हा ‘दया, दरवाजा तोड दो’ या आज्ञेच्या आधी कोणी ‘पोलीस आहोत, दार उघडा’ एवढे ओरडले, तर तो प्रसंग शंभर टक्के कायदेशीर होतो आणि दार तुटण्याची गोडी रतीभरही कमी होत नाही.

माझा आक्षेप आहे तो दार तुटल्यानंतरच्या भागाला, आणि विशेषतः शेवटच्या सात-आठ मिनिटांना. सगळे संशयित एका दिवाणखान्यात उभे असतात, अधिकारी त्यांच्यापुढून फेऱ्या मारतो, एकाच्या कानाखाली आवाज निघतो आणि तो ‘हो, मीच मारले’ असे म्हणून रडत सगळी हकिकत सांगतो. त्यावर ‘आता तुला फाशीच होणार’ असे एक वाक्य येते आणि श्रेयनामावली सुरू होते. तुमच्या दृष्टीने कथा इथे संपली. आमच्या न्यायालयाच्या दृष्टीने या कबुलीची किंमत शून्य आहे, कारण पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. हा नियम आजकालचा नाही. ब्रिटिशांनी १८७२ च्या पुरावा कायद्यात तो घातला, कारण त्यांना आपल्याच पोलिसांचा भरवसा नव्हता. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले तेव्हा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये तोच नियम पुन्हा आला. कबुली ग्राह्य धरायची तर ती दंडाधिकाऱ्यासमोर व्हावी लागते आणि दंडाधिकाऱ्याला आधी आरोपीला बजावून सांगावे लागते की तू कबुली द्यायला बांधील नाहीस आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. पोलीस निघून गेल्यावर, दालनात आरोपी आणि दंडाधिकारी समोरासमोर असताना, विचार करायला वेळ देऊन हे घडते, आणि त्या शांततेत जे नाट्य आहे ते तुमच्या कानशिलातल्या आवाजात नाही, असे मी ते पाहिलेला माणूस म्हणून सांगतो.

मग कबुलीचा काहीच उपयोग नसतो का? असतो, आणि इथेच तुमच्या हातून सोन्यासारखा प्रसंग निसटतो. आरोपीने पोलीस कोठडीत दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंध असलेला माहितीचा तेवढाच तुकडा पुराव्यात येतो. जुन्या पुरावा कायद्यातल्या क्रमांकावरून जुन्या वकिलांच्या तोंडी हे अजून ‘कलम सत्तावीस’ आहे. त्यासाठी ठाण्यात दोन पंच बोलावले जातात, त्यांच्यासमोर आरोपी ‘लपवून ठेवलेले हत्यार काढून देतो’ असे म्हणतो, ते शब्द निवेदन पंचनाम्यात उतरतात, सह्या होतात, मग आरोपी, पंच, अधिकारी आणि रायटर असे सगळे जीपमध्ये बसतात, आणि जीप कुठे जायची हे आरोपी सांगतो. अधिकारी सांगत नाही.

असाच एक खटला मी टंकलिखित केला आहे. गावाबाहेरच्या ओढ्याकाठी घाणेरीच्या झुडपात लपवलेला कोयता आरोपीने काढून दिला, असा फिर्याद पक्षाचा दावा होता आणि पंच म्हणून ठाण्याजवळ चहाची गाडी लावणारा एक माणूस पिंजऱ्यात होता. सरकारी वकिलांनी सरतपास, म्हणजे आपल्या साक्षीदाराची पहिली विचारपूस, व्यवस्थित घेतला. मुद्देमाल कारकुनाने पुडके आणले. तपकिरी कागद, त्यावर सुतळी, सुतळीच्या गाठीवर लाख, लाखेवर ठाण्याची मोहोर आणि कडेला चिकटवलेली चिठ्ठी, तिच्यावर दोन सह्या. ‘ही सही तुमचीच का?’ ‘हो.’ लाख फोडली, कागद उघडला, गंजाचा बारीक भुगा टेबलावर पडला. ‘हाच तो कोयता का?’ ‘हो.’ इथपर्यंत सगळे सुरळीत होते. मग बचाव पक्षाचे वकील उभे राहिले आणि त्यांनी घाई न करता एकच प्रश्न विचारला : ‘जीप थांबल्यावर तुम्ही सगळे उतरलात, तेव्हा पुढे कोण चालत होते?’ तो माणूस क्षणभरही न थांबता म्हणाला, ‘साहेब पुढे होते. आरोपी आमच्यामागे होता.’ मी ती दोन वाक्ये टंकित केली. सरकारी वकिलांनी हातातले पेन खाली ठेवले.

साहेब पुढे होते याचा अर्थ, जागा साहेबांना आधीच ठाऊक होती असा निघू शकतो. आणि जागा आधीच ठाऊक असेल तर आरोपीने ‘काढून दिले’ या शब्दांत काही उरत नाही. तेवढ्याच कारणाने तो आरोपी सुटला असे मी म्हणणार नाही, निकालपत्रात इतरही कारणे होती. पण दुपारी व्हरांड्यात तो चहावाला मला भेटला, आपले काही चुकले आहे एवढे त्याला इतरांच्या चेहऱ्यांवरून कळले होते, आणि त्याने जे विचारले ते मी विसरलेलो नाही. तो म्हणाला, ‘पुढे कोण चालतो याला एवढी किंमत असते, हे कोणी सांगितलेच नाही. टीव्हीत तर साहेबच पुढे असतात.’

खरोखर कोण पुढे होते, हे मला आजही माहीत नाही. त्या माणसालाही ते नक्की आठवत होते की साहेब पुढे असतात हे चित्र त्याच्या मनात आधीपासूनच होते, हेही सांगता येणार नाही. घटना आणि साक्ष यांच्यात चार वर्षे गेली होती, आणि त्या चार वर्षांत त्याने ओढ्याची ती वाट एकदाच पाहिली होती, तुमची मालिका मात्र कित्येक रात्री पाहिली होती.

अमेरिकेत अशा मालिकांचा ज्युरीवर परिणाम होतो का, यावर बरेच लिहिले-बोलले गेले आहे. आपल्याकडे ती चर्चा लागू नाही असे काही जण म्हणतात, कारण आपल्याकडे ज्युरी उरलेली नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवली नव्हती. ते खरे आहे, पण आपल्याकडे पंच आहेत. घराची झडती घेताना त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी बोलवावेत असे कायदा सांगतो, आणि लेखी आदेश देऊन बोलावल्यावर सबळ कारणाशिवाय नकार देणे हा गुन्हा ठरतो. म्हणजे तुमच्या मालिका पाहणारा कोणीही किराणा दुकानदार, रिक्षावाला, शिक्षक, उद्या सकाळी पंच होऊ शकतो. तिथे त्याचे काम फक्त डोळे उघडे ठेवण्याचे आणि जे पाहिले तेवढ्यालाच सही करण्याचे असते. एवढे काम सोपे वाटते, पण ते शिकवणारी शाळा कुठे नाही. आणि ज्या एका ठिकाणाहून लोक पोलीस तपासाविषयी काही शिकतात, तिथे पंचच नाहीत. परिणामी पंचांची सही म्हणजे हजेरीची सही असा समज होतो, कोऱ्या कागदावरही ती केली जाते, आणि चार-पाच वर्षांनी समन्स आले की ‘मला ठाण्यात बोलावले आणि सही घेतली’ असे सांगून माणूस मोकळा होतो. आमच्या भाषेत त्याला ‘पंच फितूर झाला’ म्हणतात. तो विकला गेला असा सरसकट समज असतो. माझ्या पाहण्यात बरेचसे विकले गेलेले नव्हते, ते फक्त गोंधळलेले होते.

मारहाणीविषयी वेगळे लिहिणार नव्हतो, पण आईचे मत सांगितले आहे, तेव्हा तेही पूर्ण सांगतो. अधिकाऱ्याने संशयिताच्या थोबाडीत मारली की आमच्या घरात समाधानाचा एक हुंकार उमटतो आणि त्यात पूर्वी माझाही आवाज असे. मालिकेत ती थप्पड नेहमी खऱ्या गुन्हेगारालाच बसते, कारण गुन्हेगार कोण हे लेखकाला ठाऊक असते. ठाण्यात ते कोणालाच ठाऊक नसते. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ साली अटकेसंबंधी जे दंडक घालून दिले, म्हणजे अटक करणाऱ्याच्या गणवेशावर स्पष्ट नावपट्टी असावी, अटकेचा पंचनामा व्हावा, नातेवाइकाला कळवले जावे, अंगावरच्या जखमांची नोंद व्हावी, त्यांतला एकही तुमच्या कथेच्या आड येत नाही. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करायचे हे बंधन तर तुम्ही स्वतः शोधायला हवे होते, कारण घड्याळ लावलेली कथा ज्याला सुचत नाही असा लेखक मी पाहिलेला नाही.

भाषेबद्दलही एक गाऱ्हाणे आहे आणि ते विषय सोडून नाही. हिंदी मालिकेत मुंबईचा हवालदार मराठी वळणाचे हिंदी बोलून हशा मिळवतो, मात्र मुंबईच्या पोलिसांचा सगळा कागद मराठीत चालतो याचा मागमूसही तुमच्या पडद्यावर नसतो. त्या कागदाची एक स्वतंत्र मराठी आहे. ‘सदर इसम’, ‘मयताचे अंगावरील कपडे’, ‘वर नमूद तारखेस, वेळी व ठिकाणी’, आणि माझे सर्वांत आवडते, ‘कोणत्यातरी अज्ञात इसमाने कोणत्यातरी अज्ञात कारणावरून कोणत्यातरी हत्याराने’. हे वाक्य मी शेकडो प्रथम खबरी अहवालांत वाचले आहे. त्यात तीन वेळा आलेला ‘कोणत्यातरी’ म्हणजे तपासापुढची तीन रिकामी घरे आहेत, कोणी, का आणि कशाने. आणि दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत ती एकेक करून भरायची असतात. ‘सी.ए. रिपोर्ट आला का?’ या चार शब्दांमागे, म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाच्या चौकशीमागे, न्यायसहायक प्रयोगशाळेकडे डोळे लावून काढलेले महिने असतात, आणि त्याच दरम्यान तपासी अधिकाऱ्याला गणपतीच्या बंदोबस्तालाही जावे लागते. ‘लक्ष्य’सारख्या मराठी मालिकेने निदान पथकाला मराठीत बोलायला लावले, याबद्दल मी ऋणी आहे. पण बोलण्याच्या मराठीबरोबर लिहिण्याची मराठीही पडद्यावर आली असती तर हवालदारसाहेबांना त्यांचा रायटर सापडला असता.

सत्यघटनांवर बेतलेल्या कार्यक्रमांचा वर्ग वेगळा आहे आणि त्यांतल्या काहींनी तपासातली चिकाटी, फसलेले धागे, पोलिसांचा थकवा हे मालिकांपेक्षा अधिक प्रामाणिकपणे दाखवले, हे मान्य करतो. त्यांच्याकडे एकच मागणी आहे. खटला न्यायालयात उभा राहिलेला नसताना नावे बदलून, पण गाव, धंदा आणि घटनाक्रम तसाच ठेवून, आरोपीला खुनी म्हणून दाखवू नका. आमच्या न्यायालयातून निर्दोष सुटलेल्या एका माणसाच्या घटनेवर कोणत्यातरी वाहिनीने खटला चालू असतानाच भाग केला होता, तिचे नाव मी घेत नाही. निकालाची प्रत घ्यायला तो आला तेव्हा त्याने तिच्या चार प्रती मागितल्या. नातेवाइकांना एकेक द्यायची आहे, म्हणाला, कारण त्यांनी तो भाग पाहिला आहे.

आता जे मागायचे आहे ते सांगतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने एक गोष्ट अशी केली आहे की तुमची शेवटची सबबही उरत नाही. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रीकरण आता बंधनकारक आहे, मोबाइलवर केले तरी चालते, आणि ते विलंब न लावता दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे असते. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायसहायक तज्ज्ञाने जावे, अशीही तरतूद आली असून राज्यांना ती टप्प्याटप्प्याने लागू करायची मुभा आहे. याचा अर्थ असा की जो प्रसंग चित्रित करण्याजोगा नाही म्हणून तुम्ही पंचवीस वर्षे कापत आलात, तो आता गावोगावचे पोलीस शिपाई कायद्याने चित्रित करत आहेत. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात बॅटरी, पायाखाली निसरडा ओढा, पाठीमागे जांभया देणारे दोन पंच, आणि मोबाइलची बॅटरी बारा टक्क्यांवर. दिग्दर्शकाला याहून अधिक काय हवे असते, हे मला खरोखर कळत नाही.

एक भाग असा लिहा, की ज्यात खुनी कोण हे पहिल्या दहा मिनिटांतच कळते आणि उरलेला सगळा वेळ ते सिद्ध कसे करायचे यात जातो. रायटरला नाव द्या, पंचाला घर द्या, त्याच्या बायकोला ‘कशाला या भानगडीत पडता?’ असे विचारू द्या. लाख वितळवताना काडेपेटी ओली निघू द्या. आईला तो भाग आवडेल की नाही हे सांगता येत नाही, पण ती शेवटपर्यंत पाहील, कारण तिला माणसाची फजिती पाहायला आवडते. आणि जीप ओढ्याकाठी थांबली की कॅमेरा जमिनीलगत ठेवा, आरोपीला आधी उतरवा, तो ज्या वाटेने जाईल त्या वाटेने बाकीच्यांना जाऊ द्या, आणि साहेबांना, ते कितीही मोठे नट असले तरी, त्याच्यामागे चार पावले ठेवा.

कळावे,
आपला,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखक